काटा एकच, लाइन शंभर फूट : कापूस खरेदीच्या आवारातल्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर

जागा: यवतमाळ जिल्हा, केळापूर तालुका, एका जिनिंगचे (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याचे) आवार. खासगी खरेदी. फाटक सकाळी ९.३० ला उघडते, नवीन गाडीला नंबर देणे दुपारी ३.३० ला बंद होते. वणीकडून ट्रॅक्टर-ट्रॉल्या, जवळच्या गावांतून पिकअप आणि छोटे हत्ती (लहान मालवाहू टेम्पो), अजूनही पाच-सहा बैलबंड्या.

गाडीची वाट अशी: फाटकावर नंबर, ग्रेडरची (कापसाची प्रत ठरवणाऱ्याची) पाहणी आणि ओलावा, काट्यावर भरल्या गाडीचे वजन, गंजीवर (कापसाच्या ढिगावर) गाडी खाली करणे, पुन्हा त्याच काट्यावर रिकाम्या गाडीचे वजन, मग काटापट्टी आणि हिशेब. गंजीला गाडी खाली करायच्या चार जागा. प्रत्येक जागेवर चार हमाल.

कार्यालयाने प्रश्न सरळ विचारला आहे: दुसरा काटा बसवावा का? लाइन काट्यासमोर दिसते, म्हणून सगळ्यांचे बोट काट्याकडे. फाटकावर उभे कास्तकार म्हणतात, "काटा एकच हाये, मंग लाइन लागनच ना भाऊ!" उत्तर द्यायच्या आधी मोजणी.

प्रत्येक गाडीच्या सात वेळा नोंदवायच्या: आली, पाहणी सुरू, पाहणी संपली, भरले वजन, खाली करणे सुरू, खाली करणे संपले, रिकामे वजन. नंबर खडूने काचेवर मोठा लिहायचा, बंडीला दांडीवर पाटी. मोजणारे चौघे, चार ठिकाणी. सकाळी चारही मोबाइलची घड्याळे जुळवून घ्यायची, नाहीतर दोन ठिकाणांमधला प्रवास उणे दोन मिनिटांचा येतो आणि संध्याकाळी कागद जुळत नाहीत.

१३ नोव्हेंबर

तीन दिवसांची आवक, सरासरी धरून:

फाटक उघडताना आधीच उभ्या: १९
९.३० ते ११.३०: २२
११.३० ते १.३०: १८
१.३० ते ३.३०: १३
एकूण: ७२

आठ तासांच्या दिवसाला ७२ म्हणजे तासाला ९. ही सरासरी फसवी आहे, पुढे कळेलच.

काट्याचे आकडे: भरल्या गाडीला सरासरी ४.६ मिनिटे, रिकाम्या गाडीला १.५. एका गाडीमागे ६.१ मिनिटे. तासाला ९ गाड्या म्हणजे काटा तासातली ५५ मिनिटे गुंतलेला. भार ९२ टक्के. या आकड्यावर कोणीही दुसरा काटा मंजूर करील.

पण ४.६ मिनिटे पटत नाहीत. काटेवाल्याच्या हाताकडे पाहिले तर गाडी चढली, चालक उतरला, आकडा स्थिरावला, बटण दाबले, पट्टी छापली. एवढ्याला अडीच मिनिटांच्या वर लागत नाही. वरची दोन मिनिटे कुठून आली?

१४ नोव्हेंबर

सापडले. मोजणारा पुढचे चाक काट्यावर चढले की घड्याळ सुरू करत होता आणि मागचे चाक उतरले की बंद. वजन झाले, पट्टी निघाली, तरी गाडी काट्यावरच उभी. कारण पुढे गंजीवरच्या चारही जागा भरलेल्या आणि काटा ते गंज या वाटेत थांबायला जागा नाही. काटा काम करत नव्हता, तो अडवला गेला होता.

सेवा वेळ आणि अडवणुकीचा वेळ एकत्र मोजले की पुढच्या टप्प्याचा दोष मागच्या टप्प्याच्या नावावर चढतो. आजपासून काट्यावर तीन वेळा: चाक चढले, पट्टी निघाली, चाक उतरले. पहिल्या दोन वेळांमधला फरक सेवा, पुढच्या दोन वेळांमधला फरक अडवणूक.

नवा आकडा: भरली गाडी २.५ मिनिटे, रिकामी १.५, मिळून ४. तासाला ९ × ४ = ३६ मिनिटे. खरा भार ६० टक्के. दुसरा काटा बसवला असता तर वजन झालेल्या दोन गाड्या दोन काट्यांवर अडून राहिल्या असत्या.

१५ नोव्हेंबर

लिटलच्या नियमाने कागद तपासले. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा नियम इतका साधा आहे की मोजणीतली चूक पकडायला याच्यासारखे हत्यार नाही: आवारातल्या सरासरी गाड्या = आवक दर × प्रत्येक गाडीचा सरासरी मुक्काम. आवक कशी येते, सेवा किती चढउताराची, याची काही अट नाही. मात्र मोजणीच्या सुरुवातीला उभ्या असलेल्या गाड्या धरायच्या आणि शेवटची गाडी जाईपर्यंत थांबायचे.

दर १५ मिनिटांनी खाली न झालेल्या गाड्यांची शिरगणती केली. सरासरी १७.८. काम ९.३० ते ५.१२ चालले, म्हणजे ७.७ तास, दर तासाला ९.३५. भागाकार १.९ तास, म्हणजे ११४ मिनिटे. गाडीनिहाय घड्याळाची सरासरी ११७. तीन मिनिटांचा फरक १५ मिनिटांच्या शिरगणतीत खपतो. कागद बरोबर आहेत.

यात रात्री येऊन थांबलेल्या १९ गाड्यांचे ९.३० पूर्वीचे तास धरलेले नाहीत. ते वेगळ्या रकान्यात ठेवले आहेत. फाटक उघडायच्या आधीची थंडीतली रात्र हाही प्रतीक्षेचाच वेळ आहे. कार्यालयाच्या हिशेबात तो कधीच येत नाही.

१७ नोव्हेंबर

आता गंज. गाडी खाली करायला सरासरी २४ मिनिटे, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) १०. एक जागा तासाला २.५ गाड्या, चार जागा तासाला १०. आवक ९ धरली तर भार ९० टक्के. अडचण इथे आहे.

एरलांग यांचे काम इथे उपयोगी पडते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या या अभियंत्याने १९०९ साली फोनच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली प्रतीक्षेची सूत्रे दिली. केंडॉल यांच्या १९५३ सालच्या, रांगांचे प्रकार लिहायच्या खुणेत आपली गंज म्हणजे एम/एम/४: आवक यादृच्छिक (गाडी कधी येईल याचा नेम नाही), सेवा घातांकी (बहुतेक वेळा छोट्या, मधूनच एखादी फार लांब), जागा चार.

आकडेमोड: आवक भागिले एका जागेचा दर = ९ ÷ २.५ = ३.६. आलेल्या गाडीला थांबावे लागण्याची शक्यता ०.७९. लाइनीतली सरासरी प्रतीक्षा = ०.७९ ÷ (१० − ९) तास = ४७ मिनिटे. पाचवी जागा केली तर तीच प्रतीक्षा ७ मिनिटे. जागा चारावरून पाच, प्रतीक्षा सातव्या हिश्शावर. भार नव्वदच्या घरात असताना थोडी जादा क्षमता एवढा फरक करते, आणि हे डोळ्यांनी पाहून कोणाच्याही अंदाजात येत नाही.

दोन दुरुस्त्या. खाली करण्याची वेळ घातांकी नाही, तिचा चढउतार कमी आहे: (१० ÷ २४) चा वर्ग = ०.१७. आवकही शुद्ध यादृच्छिक नाही, कारण एका गावच्या तीन-चार गाड्या सोबत निघतात. ९.३० ते १.३० मधले १५ मिनिटांचे १६ तुकडे घेतले: सरासरी २.५ गाड्या, प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ४, गुणोत्तर १.६. यादृच्छिक आवकीत ते १ च्या आसपास यायला हवे. प्रतीक्षेचा गुणक म्हणजे या दोन चढउतारांची सरासरी = (१.६ + ०.१७) ÷ २ = ०.८९. म्हणजे ४७ ऐवजी ४२ मिनिटे. दोन्ही दुरुस्त्या एकमेकींना जवळपास खाऊन टाकतात, तरी त्या करून पाहाव्यात.

४२ मिनिटे लाइन आणि २४ मिनिटे खाली करणे, एकूण ६६. प्रत्यक्ष ११४. मोठी तफावत, आणि कारण स्पष्ट आहे: सूत्र स्थिरावलेल्या रांगेचे आहे. इथे दिवस उगवतो तोच १९ गाड्यांच्या थकबाकीने. ९.३० ते ११.३० आवक तासाला ११, क्षमता १०. त्या दोन तासांत भार १ च्या वर, तिथे सूत्राला उत्तरच नाही. वर १ ते १.३० हमालांचे जेवण, तेव्हा गंज पूर्ण बंद.

म्हणून साधा आलेख काढला. आडवी वेळ, उभ्या एकूण गाड्या; एक रेघ आलेल्या गाड्यांची, दुसरी खाली झालेल्यांची. दोन रेघांमधले उभे अंतर म्हणजे लाइन, आडवे अंतर म्हणजे प्रतीक्षा. ९.३० ला १९, ११.३० ला २१, १ वाजता साडेएकोणीस, जेवणानंतर २४, ३.३० ला १७, ५.१२ ला शून्य. मधले क्षेत्रफळ सुमारे १३७ गाडी-तास. ७२ ने भागले की १.९ तास. ११४ मिनिटे जुळली. जिथे सकाळीच लोंढा असतो तिथे आधी हा आलेख काढावा, एरलांग नंतर.

एक निरीक्षण: चालक ओळखीच्या मुकादमाच्या टोळीसमोर गाडी लावतात. चार स्वतंत्र लाइनी खरोखर पाळल्या तर प्रत्येकीत प्रतीक्षा ०.९ ÷ ०.१ × २४ = २१६ मिनिटे येते, सामाईक लाइनीत ४७. प्रत्यक्षात चालक लाइन बदलतात म्हणून इतके वाईट होत नाही, पण भांडणे तिथेच होतात. उद्यापासून एकच लाइन, रिकामी होईल ती जागा.

१९ नोव्हेंबर

दिवसभर फक्त खाली करण्याच्या जागेवर. २४ मिनिटांची फोड:

दोर, जाळी, ताडपत्री काढणे: ५
कापूस लोटणे: १६
ट्रॉली झाडणे, तळ पाहणे: ३

पहिल्या ५ मिनिटांकडे जवळून पाहिले. ट्रॉलीवर नायलॉनचा दोर आडवा-तिडवा सात-आठ फेरे. रात्रभर दव पडून गाठी आवळलेल्या. चालक आधी बोटांनी ओढतो, मग दाताने, मग खुरप्याचे टोक गाठीत घालून ती सैल करतो. तोवर चारही हमाल ट्रॉलीच्या कडेला उभे, मागे गाड्या उभ्या, काट्यावर वजन झालेली गाडी उभी. एका गाठीपायी अख्खे आवार थांबते.

हे काम त्या जागेवर करण्याची गरज नाही. तेच काम लाइनीत उभे असताना करता येते, जिथे चालकाला दुसरे काही काम नाही.

२२ नोव्हेंबर

दोन दिवस चाचणी. पाहणी झाली की गाठी सोडायच्या, दोर गुंडाळून ठेवायचा. जाळी आणि ताडपत्री मात्र जागेवर पोहोचेपर्यंत तशीच, वर दोन विटा. पहिल्या सकाळी एकाने ताडपत्रीही काढली आणि वाऱ्याने कापूस रस्त्यावर उडाला. वजन व्हायच्या आधी उडालेला कापूस म्हणजे कास्तकाराचे थेट नुकसान. काटा ते गंज या चाळीस पावलांसाठी आडवा एकच फेरा राहू द्यायचा, सरकगाठ मारून.

खाली करण्याची सरासरी १९ मिनिटे. चार जागांची क्षमता तासाला १२.६. पाचव्या जागेने १२.५ मिळाली असती, चार जादा हमालांच्या मजुरीसह.

आलेख पुन्हा काढला, आवक तीच: सरासरी ६६ मिनिटे, काम ३.४५ च्या आत संपावे. प्रत्यक्ष ७८ मिनिटे. वरची १२ मिनिटे अपेक्षितच होती. आलेख गाड्यांना पाण्यासारखे धरतो. लाइन छोटी झाली की यादृच्छिक चढउतार डोके वर काढतो, आणि तो आलेखात नसतो.

२५ नोव्हेंबर

काट्यावरचा नियम. आजवर भरली असो की रिकामी, जिने आधी नाक घातले तिचा नंबर. रिकाम्या गाड्या गंजीकडे तोंड करून साचल्या की खाली करण्याची जागाच अडते: कापूस संपला, गाडी हलत नाही.

नवे नियम दोन. रिकामी गाडी आधी. तिला दीड मिनिट लागते, भरलीला अडीच, छोटे काम आधी केले की सरासरी प्रतीक्षा घटते आणि जागाही सुटते. दुसरे, वजन झालेल्या पण खाली व्हायच्या गाड्या एका वेळी जास्तीत जास्त दोन. त्यांच्यासाठी गंजीच्या उत्तरेला कुंपणालगत मुरूम टाकून दोन ट्रॉल्यांची जागा केली. तिसरी गाडी काट्यावर चढवायचीच नाही, मग काट्यावरची अडवणूक आपोआप संपते. हे नियम पाळले त्या दोन्ही दिवशी अडवणुकीचा रकाना जवळजवळ कोरा.

भरल्या गाड्यांचे चालक कुरकुरले, "आम्ही आधी आलो." त्यांना सांगितले ते एवढेच की पुढची रिकामी निघाल्याशिवाय तुमची जागा होत नाही. गंज डोळ्यांसमोर असल्याने पटले.

२९ नोव्हेंबर

लांब शेपटीच्या गाड्या. खाली करायला ४० मिनिटांच्या वर लागलेल्या बहुतेक गाड्यांचे कारण एकच: अर्धी ट्रॉली खाली झाली आणि तळाचा कापूस ओला निघाला. काम थांबते, ग्रेडरला बोलावणे, भावावरून बोलाचाली, तोवर जागा अडलेली. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीतही माल घेत नाहीत आणि ८ ते १२ मध्ये भाव कापला जातो, त्यामुळे हा वाद नुसत्या हट्टाचा नसतो.

उपाय म्हणून पाहणीच्या वेळीच खोल नमुना: मागची बाजू, उजवी बाजू आणि मध्य, कोपरापर्यंत हात घालून. तासाभरात नवी लाइन ग्रेडरसमोर.

हिशेब करायला हवा होता. पाहणीला ४ मिनिटे. शंभरातल्या सुमारे १५ गाड्यांना "ऊन लागू द्या, मग या" सांगितले जाते आणि त्या परत येतात, म्हणून ग्रेडरकडची खरी आवक ९ ÷ ०.८५ = १०.६. गुणिले ४ = ४२ मिनिटे, भार ७१ टक्के. खोल नमुन्याने ४ चे ५.५ झाले: ५८ मिनिटे, भार ९७ टक्के. एका टप्प्याची अडचण उचलून दुसऱ्यावर ठेवली.

दुरुस्ती: नमुना मदतनीस काढतो, गाडी लाइनीत असतानाच. तीन पुड्या, पुडीवर गाडीचा नंबर, तोंड बांधून. उघडी पुडी उन्हात वाळते आणि आकडा खोटा येतो. ग्रेडर फक्त ओलावामापक लावतो आणि धागा पाहतो. पुन्हा ४ मिनिटे.

२ डिसेंबर

उरले रात्रीचे १९. वेळेचा नंबर आदल्या संध्याकाळी फोनवर द्यायचा ठरले. तासाला किती गाड्या बोलवायच्या यावर बराच वाद. क्षमता १२.६ आहे तर १२ बोलवा, असे कार्यालयाचे म्हणणे. चार जागा, १९ मिनिटे, एरलांगच्या सूत्राने लाइनीतली प्रतीक्षा:

तासाला १०: १३ मिनिटे
तासाला ११: २७ मिनिटे
तासाला १२: ८५ मिनिटे

कागद टेबलावर ठेवल्यावर वाद मिटला. तासाला १०. फाटक उघडताना ८ गाड्या, पुढे दर अर्ध्या तासाला ५, जेवणाचा अर्धा तास सोडून ४.३० पर्यंत. एकूण ७३. नंबर देणे एक तास उशिरा बंद करावे लागले. काम ५ च्या सुमारास संपते, आधीही तेवढेच चालत होते.

६ डिसेंबर

चार दिवसांची सरासरी मुक्काम ४४ मिनिटे. सूत्राप्रमाणे ३२ हवी. पाचातली एक गाडी दिलेल्या वेळेच्या आधी येते. बहुतेक भाड्याचे पिकअप. चालकाला दुसरी खेप मारायची असते, कास्तकार त्याला थांबवू शकत नाही. आधी आलेल्याला आधी घेतले की परवापासून सगळेच आधी येतील. वेळेवर आलेल्याचा नंबर पहिला, आधी आलेल्याची गाडी बाजूच्या मैदानात, त्याचा नंबर त्याच्याच वेळेला. पिकअपवाल्यांना ९.३० किंवा १०.०० ची वेळ मागितल्यास प्राधान्याने द्यायची. त्यांची दुसरी खेप दुपारच्या मोकळ्या वेळेत बसते.

बैलबंडीला वेळेची सक्ती नाही. काट्याची लघुतम मोजणी (त्याला दाखवता येणारा सर्वांत छोटा फरक) १० किलो. सहा क्विंटलच्या बंडीवर तो दीड टक्क्याहून जास्त फरक. बंडीचा कापूस शेडमधल्या छोट्या प्लॅटफॉर्म काट्यावर, बोऱ्यात भरून. मोठ्या काट्यावरचा एक नंबरही वाचतो.

९ डिसेंबर

ढगाळ हवेनंतर कवडी (डागाळलेला, हलक्या प्रतीचा) कापूस वाढला. त्याची गंज वेगळी, म्हणून एक जागा त्यासाठी राखली गेली. चांगल्या मालाला उरल्या तीन जागा: क्षमता ९.५. आवक त्यातली ९. भार ९५ टक्के, आणि दुपारी बारापर्यंत मुक्काम दीड तासावर. कवडीची जागा तेवढ्यात दोनदा रिकामी उभी होती.

दोन्ही गंजींच्या मधोमध एक जागा अशी आखली की ट्रॉलीचे तोंड फिरवून कोणत्याही गंजीवर खाली करता यावे. ट्रॅक्टरला वळायला मागे किमान दीड ट्रॉलीची लांबी लागते. कुंपणाचा एक खांब आड येत होता, तो काढला. मधला पट्टा ताडपत्रीने झाकला, म्हणजे कवडीचे पुंजके चांगल्या गंजीत मिसळत नाहीत. कवडीची गाडी नसेल तेव्हा चारही जागा चांगल्या मालाला. दुपारनंतर मुक्काम पन्नास मिनिटांवर उतरला.

काट्याबद्दलचे उत्तर कार्यालयाला दिले: तासाला १० गाड्यांना काटा ४० मिनिटे गुंततो, भार ६७ टक्के. ८५ टक्क्यांचा भार यायला तासाला पावणेतेरा गाड्या लागतील, आणि तेवढ्या खाली करायला आधी पाचवी जागा लागेल. दुसरा काटा या हंगामात नको. त्याच पैशातून कुंपणालगतचा मुरूम पक्का करावा. पाऊस आला तर पहिल्यांदा तिथेच ट्रॉली फसेल.

१२ डिसेंबर

मोजणी आता आठवड्यातून एकच दिवस, फक्त तीन वेळा: आली, खाली करणे सुरू, रिकामे वजन. दर १५ मिनिटांची शिरगणती फाटकावरचा माणूस करतो, वहीत उभ्या रेघा मारून. खाली करण्याची सरासरी २१ च्या वर गेली की क्षमता ११.४ वर येते. त्या दिवशी संध्याकाळी नंबर देताना तासाला ९ बोलवायच्या. हे दोन आकडे खडूने काटाघराच्या दारावर लिहून ठेवले आहेत.